श्वास अपुरा, फिल्म रद्द

रुग्णालयात त्याला सगळे ‘धरासोडा’ म्हणत. त्यात कुणाला अपमान वाटत नसे, त्यालाही नाही. एकवीस वर्षं तो दिवसभर तीनच वाक्यं बोलत आला होता. खोल श्वास घ्या. धरा. सोडा. बायको म्हणायची, बघायला आला तेव्हा एवढंही बोलला नव्हता.

काम छातीचे एक्स-रे काढायचं. सासऱ्यांच्या मते ते काम नव्हतंच. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. सगळी गल्ली त्यांना ‘सर’ म्हणे, म्हणून जावईही ‘सर’ म्हणे. सर जावयाला ‘फोटोग्राफर’ म्हणत. पाहुणे आले की आवर्जून.

“हे आमचे जावईबापू. फोटोग्राफर आहेत. फक्त गिऱ्हाइकाला हसा म्हणायचं नाही, एवढाच फरक.”

मग स्वतःच हसत. पाहुण्यांनाही हसावं लागे.

जावयाने हे कधी मनाला लावून घेतलं नाही. त्याच्या मानाची जागा वेगळी होती. एक्स-रे विभागाच्या दारामागे एक तक्ता टांगलेला असे. कुणाच्या किती फिल्म बिघडल्या, हे त्यावर दर महिन्याला लागायचं, सगळ्यांत जास्त चुकांचं नाव पहिलं. बिघडण्याची कारणं कार्यालयाने तीनच मान्य केली होती. रुग्ण वाकडा उभा. रुग्ण हलला. श्वास अपुरा. तिन्ही एकाच मथळ्याखाली: तंत्रज्ञाच्या चुका. चूक रोगाचीही असू शकते, असा रकाना छापायचा राहून गेला असावा.

धरासोडाचा आकडा कायम सगळ्यांत कमी. महिन्याला दोन, फार तर तीन. माणसाने छाती भरून श्वास घेतला की फिल्मवर दहा बरगड्या मोजता येतात. नऊ दिसल्या तर त्याला घास गोड लागत नसे. तो रुग्णांना गोंजारायचा, दटावायचा, स्वतः श्वास भरून दाखवायचा. दहा बरगड्या मिळेपर्यंत हटायचा नाही. कुणाला मुलांच्या मार्कांचा अभिमान असतो. ह्याला लोकांच्या बरगड्यांचा होता.

मग साथ आली.

साथीत सगळा कारभार एका काडीवर चालू लागला. काडी नाकात जायची, तिचा रिपोर्ट चौथ्या दिवशी यायचा. पॉझिटिव्ह असेल तर खाट, निगेटिव्ह असेल तर घर. चार दिवस आजाराने दम धरावा, अशी अपेक्षा होती. आजार अडाणी निघाला. त्याला नियम वाचता येत नव्हते. शिवाय काडी कधी कधी चुकायची. आत आजार असायचा आणि रिपोर्ट म्हणायचा, काही नाही.

म्हणून डॉक्टर छातीची फिल्म मागवू लागले. ती अर्ध्या तासात हातात येते. दोन्ही फुप्फुसांच्या कडांना धुरकट पांढरे डाग दिसले, की काडी काहीही म्हणो, संशय घ्यायला जागा होते. फिल्म सगळं सांगते असं नाही. पण ती चार दिवसांची रजा घेत नाही.

वरच्या मजल्यावर फिल्म वाचणाऱ्या डॉक्टर बसत. त्यांना सगळे मॅडम म्हणत. दिवसाला दोनशे फिल्म त्यांच्या टेबलावर जात. त्यांचा वेळ वाया जाऊ नये, म्हणून अधीक्षकांनी एक नियम काढला. बिघडलेली फिल्म वर पाठवायची नाही. वहीत ‘रद्द’ लिहायचं आणि रुग्णाला उद्या बोलवायचं. दर रुग्णानंतर यंत्र पुसायचं असे, त्यामुळे त्याच दिवशी पुन्हा काढायला फुरसत नव्हती. नियमात काही खोट नव्हती. फक्त तो श्वास घेता येणाऱ्यांसाठी लिहिलेला होता.

त्या महिन्यात धरासोडाच्या रद्द फिल्म वाढू लागल्या. आधी पाच. मग अकरा. सगळ्यांपुढे एकच कारण, श्वास अपुरा. त्याला वाटलं, लोकच आळशी झालेत.

एका मंगळवारी एक बसवाहक आला. धिप्पाड गडी. स्वॅब निगेटिव्ह.

“खोल श्वास घ्या.”

वाहकाने घेतला. लगेच सोडला.

“धरा म्हटलं मी. धरायचं.”

“धरवत नाही हो.”

“दिवसभर बसमध्ये ओरडता ना, पुढे सरका, पुढे सरका? तेव्हा बरा येतो श्वास. नाटकं नकोत.”

वाहक ओशाळून हसला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. फिल्मवर सात बरगड्या आल्या. धरासोडाने वहीत लिहिलं, श्वास अपुरा, रद्द. “उद्या या. घरी सराव करून या,” तो म्हणाला.

बुधवारी वाहक आला नाही. गुरुवारी स्ट्रेचरवरून आला. शुक्रवारी त्याच्या नावाने फिल्म मागवणं बंद झालं.

धरासोडाने त्या दिवशी कुणाला दटावलं नाही. संध्याकाळी वही काढून बसला. ‘श्वास अपुरा’ लिहिलेली सतरा नावं निघाली. त्यांतली नऊ पुढच्या दोन दिवसांत स्ट्रेचरवरून आली होती. त्याने वही मिटली. हात दोनदा धुतले. तसेही सगळेच धूत होते.

हे तो अधीक्षकांच्या कानावर घालायला गेला. अधीक्षकांनी सहा हातांवरून ऐकलं.

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही, साहेब.”

“मग फोटो काढा. मत देऊ नका. आणि तो तुमचा आकडा बघा जरा. लाज आणलीत.”

फोटोच काढा, असं घरी सरही म्हणत. त्यामुळे त्याला परकं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात सरांना ताप आला. स्वॅब झाला, रिपोर्ट निगेटिव्ह आला. सरांनी तो कपाटाच्या काचेला आतून लावला, शाळेत गुणवंतांची यादी लावत तसा.

“पास झालो,” ते म्हणाले.

“बाबा, बाथरूमपर्यंत जाऊन आलात तरी धाप लागतेय तुम्हाला,” बायको म्हणाली.

“वय झालं. त्याचा रिपोर्ट येत नाही.”

दोन दिवसांनी सर एक वाक्यही पुरं करेनात. बायकोने त्यांना रिक्षात घातलं आणि रुग्णालयात आणलं. दाखल करून घेणाऱ्याने रिपोर्ट पाहिला. निगेटिव्ह. खाट नाही. फार तर छातीची फिल्म काढा, वरून डाग असल्याचं लेखी आलं तर बघू.

सर यंत्रासमोर उभे राहिले. जावई शिशाच्या एप्रनमध्ये, तोंडावर दोन मास्क. तरी सरांनी ओळखलं.

“या... फोटोग्राफर.”

“हनुवटी वर, सर. खांदे पुढे. छाती पाटीला टेकवा.”

“शाळेत... हेच... सांगायचो मी. ताठ... उभे राहा.”

“खोल श्वास घ्या.”

“घेतला.”

“घेतला असतात तर बोलता आलं नसतं, सर.”

सर चिडले. आयुष्यात त्यांना कुणी ‘पुन्हा करा’ म्हटलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, नाकपुड्या फुगवल्या, मुठी वळल्या. सगळं केलं, फक्त श्वास आत गेला नाही. खोकल्याची उबळ आली.

“पुन्हा... घेतो. एक... संधी द्या.”

धरासोडाने एकवीस वर्षांत पहिल्यांदा दटावणं, दाखवणं, गोंजारणं, तिन्ही सोडलं.

“राहू द्या. येतो तेवढाच घ्या,” तो म्हणाला आणि बटण दाबलं.

फिल्म आली. सहा बरगड्या.

नियमाप्रमाणे पुढची वाट सरळ होती. श्वास अपुरा, रद्द, उद्या या. त्याने वही उघडली. फिल्मवर मारायचा रद्दचा शिक्का उचलला. बाहेर बाकावर बायको बापाची पाठ चोळत बसलेली दिसत होती. त्याने वहीत ‘रद्द’ लिहिलं, कारण खोटं लिहायची त्याला सवय नव्हती. शिक्का मात्र खाली ठेवला. फिल्म उचलली आणि जिना चढला.

वाचन-कक्षाच्या दारावर पाटी होती: तंत्रज्ञांना प्रवेश नाही. त्याने ती नीट वाचली. मग आत गेला.

मॅडमनी मान वर केली नाही. “ही रिजेक्ट आहे.”

“हो.”

“मग इथे कशी?”

“मॅडम, श्वास एवढाच आहे. ह्याहून जास्त त्यांच्याकडे नाही. उद्याही नसेल.”

मॅडमनी मान वर केली.

“अशा सतरा मी वहीत ठेवल्या,” तो म्हणाला. “नऊजण स्ट्रेचरवरून परत आले. ह्यांचा श्वास पाचही अंक टिकत नाही. मी मोजलं.”

“स्वॅब?”

“निगेटिव्ह. स्वॅबला श्वास धरावा लागत नाही, मॅडम.”

मॅडमनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. बराच वेळ पाहिली. दिवसाला दोनशे फिल्म वाचणाऱ्या बाईचा तो फार मोठा वेळ होता.

“दाबलेल्या फुप्फुसात सगळंच थोडं पांढरं दिसतं,” त्या म्हणाल्या. “पण ह्या कडा... दोन्हीकडच्या... ह्या नुसत्या कमी श्वासाच्या नाहीत.” त्यांनी लिहायला घेतलं. “तुमचे कोण?”

“सासरे.”

“आणि आधीचे सतरा?”

मॅडमनी सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्यावर होतं, स्वॅब निगेटिव्ह असला तरी संसर्गाचा दाट संशय, ताबडतोब दाखल करावे.

अर्ध्या तासात सरांना खाट मिळाली, नाकाला नळी लागली. चौथ्या दिवशी दुसरा स्वॅब पॉझिटिव्ह आला. काडीला अखेर पटलं.

सर एकोणीस दिवसांनी घरी आले. त्याच दिवशी जावयाच्या हाती कार्यालयाचं पत्र पडलं. ‘गत मासात आपल्या नावे एकोणचाळीस फिल्म रद्द. तसेच विनापरवाना वाचन-कक्षात प्रवेश. खुलासा करावा.’

त्याने खुलासा लिहिला आणि सवयीने सरांना तपासायला दिला. सरांनी उशीखालून लाल पेन काढलं. आजारपणातही ते तिथेच होतं.

“‘दिलगीर आहे.’ कशाबद्दल?”

“तसं लिहायची पद्धत आहे, सर.”

सरांनी सगळ्या पानावर एक तिरकी रेघ मारली.

“लिहा. एकोणचाळीसपैकी... एक मी होतो.” ते थांबले. श्वास जमवला. जावई पेन धरून बसून राहिला, घाई न करता. “मी कामचुकार नाही. मला... श्वास येत नव्हता.”

जावयाने लिहिलं. मग न विचारता आणखी एक ओळ लिहिली. ‘एक बसवाहक होते. त्यांना मी रागावलो, त्यांची फिल्म वर नेली नाही. ही एक चूक माझ्या नावे धरावी.’

सरांनी ती ओळ वाचली. लाल पेन तिच्यावर आलं, थोडा वेळ तिथेच राहिलं. मग त्यांनी टोपण लावलं.

“अक्षर सुधारा, फोटोग्राफर,” ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

आठवड्याने उत्तर आलं. खुलासा समाधानकारक नाही. एक चूक धरावी, ही विनंती कार्यालयाने उदार मनाने मान्य केली होती. उरलेल्या अडतीसही धरल्या होत्या. दारामागच्या तक्त्यावर त्याचं नाव पहिलं लागलं. एकवीस वर्षांत तो कधी पहिला आला नव्हता.

त्या सकाळी एक शिवणकाम करणारी बाई आत आली. पाटीला छाती टेकवून उभी राहिली.

“खोल श्वास घ्या.”

तिने घेतला. ओशाळून त्याच्याकडे पाहिलं. “एवढाच येतोय, भाऊ. पुन्हा घेऊ?”

“नको,” तो म्हणाला.

सात बरगड्या. त्याने वहीत आणखी एक चूक लिहिली, फिल्म उचलली आणि जिन्याकडे निघाला.