कामतघरच्या मामांचा सरकारी रस्ता

माझ्या मामेसासऱ्यांइतका सरकारवर जीव लावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोक सरकारला घाबरतात, शिव्या देतात, फार तर मत देतात. मामा सरकारचे लाड करायचे. "सरकार म्हंजे जावाई हाय," ते भिवंडीजवळच्या कामतघरच्या आपल्या ओट्यावर बसून सांगत, "रुसला तरी आपलाच, न आयला तरी आपलाच. त्याला खावाला घालावा, पन पोट भरू देऊ नये. पोट भरला का झोपतो." मी त्यांच्या सख्ख्या भाचीचा नवरा, म्हणजे या घरचा रीतसर हळद लागलेला जावई, समोरच बसून हे ऐकत असे. माझी बोळवण पोह्यांवर व्हायची आणि कचेरीतून कागद घेऊन आलेल्या शिपायाला तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण मिळायचं. एकदा मी तोंड पाडलं, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "तुमी रस्ता देनार हाव का?" मी पोहे खाल्ले.

त्या वेळी, म्हणजे सत्तरच्या दशकात, मामांच्या भातशेतीत भात पिकायचं बंद होऊन लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, पिकायला लागले होते. त्यांनी शेतं भाड्यानं दिली, तिथं लूमच्या शेड उठल्या, शेडच्या मागे चाळी उठल्या, आणि एकेका खोलीत दहा-दहा माणसं राहायला आली. वस्ती वाढली, पण हमरस्त्यावरच्या एस्टीच्या थांब्याकडे जाणारी वाट मात्र जुना शेताचा बांधच राहिली. पावसाळ्यात त्या बांधाचं जे व्हायचं ते मामा पाहुण्यांना हाताला धरून दाखवायचे. "हितं मास्तरांची चप्पल गेली, अजून भायेर न्हाय आयली," असं ते एखाद्या देवस्थानची आख्यायिका सांगावी तसं सांगत. थांब्यावर त्यांनी स्वखुशीनं पाण्याचं पिंप आणि डबा ठेवला होता, लोकांनी पाय धुऊन एस्टीत चढावं म्हणून. वाढत्या वस्तीपासून एस्टीच्या थांब्यापर्यंत पक्का रस्ता आणि गटार करायला सरकार अनुदान देतं, हे कुठूनसं त्यांच्या कानावर आलं आणि मामांच्या ठाण्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. जाताना ते अनवाणी चिखल तुडवत, बगलेत चकाकणारे बूट, पिंपावर पाय धुतले की बूट चढवायचे. साहजिकच कचेरीतल्या साहेबांना तो लखलखीत गृहस्थ बघून त्याच्या चिखलाची खात्री पटेना. मी म्हटलं, "मामा, तसेच चिखलाचे पाय घेऊन जा की." ते इतके दुखावले की दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जावयाच्या दारात चिखलाच्या पायानं जायचं?

या सगळ्या उद्योगाचं मूळ मात्र घरात होतं. मामींचं माहेर शेलार गावचं. तीन भावांची एकुलती एक बहीण. एका नागपंचमीला माहेरी निघाल्या असताना त्या बांधावरून घसरल्या आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, त्या हळू का होईना चालू लागल्या, पण मनात धसका बसला तो बसलाच. आषाढ लागला की त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेनात. नागपंचमी गेली, राखी गेली, गौरीला भाऊ स्वतः येऊन हात जोडून गेले, तरी नाही. श्रावणात खिडकीशी बसून त्या एस्टीचा हॉर्न ऐकायच्या. एका वर्षी मामांनी मेव्हण्यांसमोर छाती ठोकून सांगितलं, "पुढच्या नागपंचमीला तुमची भैन कोरड्या पायानं एस्टीत बसंल. न्हाय बसली तं मना पान वाढू नुका." मामी आतून म्हणाल्या, "बोलन्यानं का रस्ता व्हतो?" पण त्या संध्याकाळी त्यांनी भावांसाठी घावन केले, हे मी पाहिलं.

अखेर भादव्यात साहेब पाहणीला आले. मामांनी आठ दिवस घोकून भाषण तयार केलं होतं. साहेब एस्टीतून उतरले, बांधावर त्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत गेला, आणि मामांच्या चेहऱ्यावर लेकीच्या लग्नात दिसावं तसं समाधान पसरलं. पण चाळीपाशी पोचल्यावर पंचाईत झाली. दुपारची वेळ. दिवसपाळीचे शेडमध्ये, रातपाळीचे दारं लावून झोपलेले, पोरं शाळेत. समोर चार कोंबड्या आणि आम्ही. साहेब पाय झटकत म्हणाले, "वाढती वस्ती म्हणता, इथं राहतं कोण?" मामांनी भाषण सुरू केलं, पण तिन्ही शेडमधल्या लूमच्या खडखडाटात त्यांचे नुसते ओठ हललेले दिसले. साहेबांनी कानाला हात लावला, मान हलवली आणि घड्याळ पाहिलं. परतीच्या एस्टीची वेळ झाली होती. मामांची अवस्था मला बघवेना. खिडकीत मामी उभ्या होत्या.

मग मामांचं डोकं फिरलं. आठ दिवस घोकलेलं भाषण कुणी ऐकू नये म्हणजे काय! धोतर सावरत ते पहिल्या शेडमध्ये घुसले आणि त्यांनी विजेचा खटका ओढला. दुसऱ्या शेडमध्ये घुसले, खटका ओढला. तिसऱ्या शेडचा मालक "चाचा, क्या कर रहे हो?" करत आडवा आला, त्याला "दोन मिंटं थांब, मना बोलाचा हाय!" म्हणून बाजूला सारलं. कामतघरात शांतता झाली. आता, भिवंडीचा माणूस आवाजानं जागा होत नाही. लूमच्या तालावर तो बाळासारखा झोपतो. त्याला जाग येते ती शांततेनं. पहिलं दार उघडलं, मग दुसरं, मग सगळीच. "लाईट गई क्या?" करत लुंगीतली माणसं बाहेर आली, पोटमाळ्यावरून उतरली, एकेका दारातून निघतच राहिली. शेडमधले दिवसपाळीवाले काय झालं बघायला आले, बायका पिठाच्या हातांनी आल्या. बांध भरला, ओटे भरले, कोंबड्यांना जागा उरली नाही. साहेब थोडा वेळ बघत राहिले आणि मग पोट धरून हसले. "अहो मामा, ही वस्ती वाढती कसली? ही तर उतू चाललीये!" मामा भाषणासाठी घसा खाकरत होते, पण साहेब म्हणाले, "आता काही बोलू नका, समजलं सगळं." ते भाषण आजतागायत कुणी ऐकलेलं नाही. ही युक्ती आपण आधीच योजली होती, असं मामा पुढे सांगू लागले, आणि आम्ही कुणीही ते खोडून काढलं नाही.

मंजुरी आली, खडी आली, रोलर आला, डांबर पडलं. पुढच्या नागपंचमीला मामी हिरवं लुगडं नेसून उंबऱ्याबाहेर आल्या. पाऊस धो धो पडत होता आणि पाणी शहाण्यासारखं गटारातून चाललं होतं. रातपाळीचे लोकही त्या दिवशी न झोपता दारात उभे होते. मामा छत्री धरून मागे, नजर सगळी मामींच्या पावलांवर. मामी एस्टीत चढल्या तेव्हा चाळीनं टाळ्या वाजवल्या आणि मामांनी ड्रायव्हरला, कंडक्टरला, आणि चुकून मलासुद्धा पेढा दिला.

मग मात्र मामींना माहेराची गोडी लागली. इतक्या वर्षांची राहिलेली माहेरपणं त्या वसूल करू लागल्या. आठवडा उलटला की चालल्या शेलारला. मामा गार भात खात ओट्यावर एकटे बसायचे. मी म्हटलं, "मामा, रस्ता तुम्हालाच महाग पडला." ते हसले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. "मनाच पायजे व्हता," म्हणाले, "आता कोनाला बोलू?"

एकदा दिवेलागणीला मी त्या थांब्यावर उतरलो. मामा उभे होते. मला फार बरं वाटलं; जावयाला घ्यायला पहिल्यांदाच कुणी आलं होतं. "तुमी व्हय," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून एस्टीच्या दारात बघत राहिले. आम्ही पुढच्या गाडीपर्यंत तसेच थांबलो. मामी उतरल्या, मामांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली, उशीर झाला म्हणून त्यांना भरपूर बोलून घेतलं, आणि दोघं घराकडे निघाले. मांडीमुळे मामी हळू चालायच्या. मामांना काही झालेलं नव्हतं, पण तेही तितकेच हळू चालत होते. मी मुद्दाम मागे राहिलो.