जपानच्या अर्थमंत्र्यांची कळंबची शोकसभा

१९६१ च्या हिवाळ्यात कळंबला जपानच्या अर्थमंत्र्यांची शोकसभा झाली. अर्थमंत्री हयात होते.

ठरले होते व्याख्यान. जिल्ह्याचे एक पुढारी नुकतेच जपान पाहून आले होते आणि तिथल्या अर्थमंत्र्यांशी हात मिळवल्याचे प्रत्येक भाषणात सांगत. जिल्हा परिषदेची उमेदवारी तेच वाटणार होते. आमच्या कापूस जिनिंग सोसायटीच्या अध्यक्षांना ती हवी होती. म्हणून त्यांनी अर्थमंत्र्यांच्या जीवनावर स्वतःचे व्याख्यान ठेवले आणि पुढाऱ्यांना बोलावले.

मी नागपूरच्या एका दैनिकाचा कळंबचा बातमीदार. व्याख्यान लिहायला मलाच बसवले. माझ्याजवळ मजकूर एका ओळीचा होता: सरकारी नोकरी, मग राजकारण, मग मंत्रिपद. अध्यक्षांनी त्यात गरिबी, रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास आणि मातृभक्ती घातली.

"मोठ्या मानसाले हे असतेच," ते म्हणाले.

पेपरातून कापलेला फोटो चौकटीत घालून टेबलावर ठेवला होता. अध्यक्षांनी आदरापोटी त्याला झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली. पुढारी तासभर उशिरा आले. हार पाहताच त्यांनी दारातच चपला काढून हात जोडले.

"अरेरे! कधी गेले?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले, मग पुढाऱ्यांकडे.

"आत्ताच, साहेब."

सगळे दोन मिनिटे उभे राहिले. जवळच्या बंजारा तांड्याचे म्हातारे नायक अध्यक्षांच्या शेजारी होते.

"सकाळी तर जिता हाय म्हनत होते तुमी," ते म्हणाले.

अध्यक्षांनी डोळे उघडले नाहीत. "चूप राहा ना नायकजी. मले तिकीट भेटू द्या, मंग जिता करतो त्याले."

व्याख्यान वाचले गेले. मातृभक्तीच्या ठिकाणी पुढाऱ्यांनी रुमाल काढला. नंतर ते बोलले. हात मिळवल्याच्या प्रसंगाला त्या दिवशी वीस मिनिटे लागली. दुखवट्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. नायकांनीही हात वर केला.

मी दोन वाक्यांची बातमी पाठवली. पहिल्यात सभा झाल्याचे होते, दुसऱ्यात अर्थमंत्री हयात असल्याचे. दुसरे वाक्य जागेअभावी गाळले गेले. छापलेले कात्रण अध्यक्षांनी स्वतः पुढाऱ्यांना नेऊन दिले.

पुढे उमेदवारांची यादी आली. अध्यक्षांचे नाव त्यात होते. अर्थमंत्री त्या दिवशीही हयात होते.