दुसऱ्या बाजूवरचा ओरखडा

तुम्ही नातवंडांनी पाठवलेल्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात एक लांब ओरखडा आहे. तो मी पाडला. आणि माझं मनगट न्हाणीघरात घसरून मोडलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर मी तुमच्याशी खोटं बोलले. दोन्ही गोष्टी एकाच दुपारच्या आहेत, म्हणून एकत्रच लिहिते.

आधी गाण्यांबद्दल, कारण आवडली का असं तुम्ही दोनदा विचारलंत. मिशनच्या शाळेत आम्ही पियानोपाशी ओळीने उभ्या राहून, हनुवटी आत घेऊन देवाची स्तुती गायचो. रेकॉर्डवरची ही बाई तशाच पियानोवर सुरुवात करते आणि दोन ओळींत देवाची गचांडी धरते. पहिल्या बाजूला ती स्वतःला आवरून असते. मागे साथ देणाऱ्या बायका तिचेच शब्द तिला परत देतात, बोल, आम्ही आहोत, असं सांगितल्यासारखे. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात तिचे शब्द संपतात आणि ती नुसती ओरडते. पण ती ओरड सुरावरून केसभरही ढळत नाही. या गाण्यांना सोल म्हणतात; आयुष्यभर इंग्रजी शिकवताना ‘सोल’ला मी ‘आत्मा’ म्हणायचे आणि पुढच्या ओळीकडे वळायचे.

आपल्या घराची एक भिंत शेजारच्या भाडेकरू नवरा-बायकोशी सामाईक आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तो नागापूरच्या एमआयडीसीत, प्रेस मशीनवर, कायम पहिल्या पाळीला. ती पाथर्डीकडची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, अजून तिशीची नाही. चारला तो आला की भिंतीतून आवाज सुरू व्हायचे. पट्ट्याचे सपकारे. फरशीवर आपटलेलं पातेलं. मग तिचं डोकं भिंतीवर. तो आवाज जड असायचा आणि तुमच्या आजोबांचा फोटो डावीकडे कलायचा. “सोलून काढीन तुला!” हे त्याचं रोजचं वाक्य. मी रेकॉर्ड लावायचे, आवाज पूर्ण वाढवायचे आणि बाजू संपली की फोटो सरळ करायचे.

एका सकाळी ती मागच्या ओट्यावर लसूण सोलत बसली होती. ओठ फाटलेला.

“आजी, ती कसली गानी हायेत?”

“सोल म्हणतात त्यांना.”

“सोल?” ओठावर हात धरून ती हसली. “लसून सोलत्यात तसलं? बरोबर हाय. बाई सोलल्यावानीच वरडती.” मग मान खाली घालून म्हणाली, “तुमी गानं मोठं करता ना, लई बरं वाटतं. तवा मला वरडता येतं. एरवी पदर तोंडात कोंबावा लागतो. आवाज भाईर गेला की त्यो आनखी चेकाळतो.”

मी विचारलं, “आणि गाणं मोठं असलं की तोही जास्त मारतो?”

“व्हय,” ती म्हणाली. “त्याला बी बरं पडतं.”

त्यानंतरही चार दिवस मी रेकॉर्ड लावली. हेही लिहायला हवं.

पाचव्या दिवशी तिसरं गाणं चढत होतं, तेव्हा फोटो खाली पडून फुटला. मी धावत जाऊन रेकॉर्डवरचा सुईचा दांडा खेचला. सुई कर्रकन आडवी गेली आणि गाणं तुटलं, पण ओरडणं चालूच राहिलं. ते भिंतीपलीकडचं होतं. गल्लीत सगळ्यांना ऐकू जात होतं. समोरच्या घराची खिडकी कोणीतरी लावून घेतली.

मी खलातला बत्ता उचलला, शेजारी गेले आणि त्यांच्या लोखंडी दारावर हाणत राहिले. त्याने दार उघडलं. पट्टा मुठीला गुंडाळलेला, बक्कल बाहेर, बक्कलला रक्त आणि केस.

“मॅडम, घरातलं मॅटर आहे. तुम्ही गाणी ऐका जाऊन.”

“गाणं बंद केलंय. तिला सोड.”

त्याने मला छातीवर ढकललं. पायरीवर हात टेकताना मनगटाचं हाड तुटलेलं मला ऐकू आलं. तेवढ्यात मागून तिने त्याच्या कानशिलावर तवा घातला. तो गुडघ्यांवर आला. तिने दुसरा घातला, मग तिसरा, आणि त्याचे दात उंबऱ्यावर पडले. मी पाहत होते. “बास” हा शब्द मला पहिल्या तडाख्यानंतरही म्हणता आला असता. मी तिसऱ्यानंतर म्हटला.

आता मात्र गल्ली धावली, त्याला वाचवायला. “अगं, नवरा आहे तुझा!” समोरच्या काकू ओरडल्या. तिचा एक डोळा सुजून मिटला होता. उरलेल्या डोळ्याने तिने त्यांच्याकडे पाहिलं. “काकू, इतके दिस कुटं हुता?”

तिच्या डोक्याला टाके पडले, माझ्या हाताला प्लास्टर. पोलिसांनी दोघांचेही जबाब घेतले आणि केस चालू आहे. तो भावाकडे राहतो. ती आपल्या मागच्या खोलीत राहते आणि मेसच्या पोळ्या लाटायला जाते. डाव्या कानाने तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून रेकॉर्ड लावली की ती उजवा कान तिकडे करून बसते.

परवा तिसऱ्या गाण्यात सुई उडाली. ती लसूण सोलत होती.

“हितंच वढलं व्हय तुमी?”

“हो.”

तिने ताटातली सालं फुंकली.

“पयल्या गान्यालाच वढायचं हुतं, आजी.”