सलीमभाईने बघितलेली गाडी

"चारही सिलिंडरले कॉम्प्रेशन कमी. बठ्ठं इंजिन खोलनं पडी, आसं सलीमभाई म्हणे," गाडीतून उतरता उतरताच नाना म्हणाले.

सलीमचं नाव ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. त्याचं गॅरेज धुळ्यात, माझं जळगावात, नाना मधल्या पारोळ्याचे. आधी नानांची गाडी माझ्याकडेच यायची. आता बघावं तो सलीमभाईच्या हाताचं कौतुक सांगतो. आम्हाला काय हात नाहीत?

नाना जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या, व्यापाऱ्यांना भाड्याने फिरवतात. ऐन कापसाच्या दिवसांत अख्खं इंजिन खोललं असतं तर त्यांचा हंगाम गेला असता. मला मात्र सलीम चुकलेला हवा होता.

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती जोरात दाबतो ते. प्लग काढून तिथे गेज लावायचा, सेल्फ मारायचा, काटा बघायचा.

"नाना, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. हं, मारा सेल्फ."

काटा अर्ध्यावरच थांबला. चारही सिलिंडरला तसंच. अरे, हा बाबा कधी चुकतच नाही का? नुसता जळफळाट झाला माझा.

प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडलं. रिंगा झिजल्या असतील तर ऑइलने फट बुजते आणि काटा चढतो. चढला नाही. मग व्हॉल्व्ह? चारही सिलिंडरचे एकदम आणि सारखेच कसे जातील? हवा जाते कुठून हेच सलीम आणि मी, दोघंही शोधत बसलो होतो. ती आत येते का, हे बघितलंच नव्हतं.

एअर फिल्टर नवाकोरा, सलीमनेच टाकलेला. त्याच्या अलीकडचा, हवा आत घेणारा पाइप काढला. आत गच्च कापूस! उंदराने घर केलेलं.

"नाना, गाडी उभी कुठे करता?"

"जिनिंगमा. सरकीना ढीगपाशी."

पाइप बाजूला ठेवून पुन्हा सेल्फ मारायला लावला. काटा सरसर वर.

"इंजिन ठणठणीत आहे! सांगा तुमच्या सलीमभाईला!"

"सांगस ना," नाना हसले. "त्यानीच धाडं माले. म्हणे, खोलाना पहिले एकदा जळगावले दखाडी ये. तो भाऊ चिकट शे, सापडाशिवाय सोडाव नही."

घ्या! मी नानांना असं धुळ्याला पाठवलं असतं? नावच नको. इथेही तोच पुढे.

नानांनी तो कापसाचा गोळा पिशवीत घातला आणि सलीमला दाखवायला धुळ्याच्या रस्त्याला लागले.

कॉम्प्रेशन कमी दिसलं, तर आधी हवा आत येते का ते बघा. आणि बरोबर ठरल्यावर गिऱ्हाइकाची गाडी कुठल्या बाजूला वळते, ते बघू नका.