व्हेरिएबलवरची खूण

डोणगावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि नागसेन माझा शाळेपासूनचा दोस्त. तो घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो. हट्टी इतका, की हरला तरी त्याचंच खरं. त्या पावसाळ्यात तो इंटरनेटवर जगभरच्या लोकांशी भांडत होता.

"काऊन बे, आज कोनाशी जुंपली?" मी विचारायचो.

भांडण असं होतं. त्यांच्या प्रोग्रॅमच्या भाषेत फंक्शनच्या, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याच्या, डोक्यावर एक खूण लिहिता येते, तिला डेकोरेटर म्हणतात. मग ते फंक्शन चाललं की दर वेळी आधी तपासणी होते. नागसेनला हीच खूण साध्या व्हेरिएबलवर, म्हणजे आकडा ठेवायच्या डबीवरही हवी होती, आणि तसा प्रस्ताव त्यानं मांडला होता. विरोधक म्हणायचे, व्हेरिएबलमधला आकडा पुढे बदलतो. तपासणी पहिल्या आकड्याची होणार, खूण मात्र तशीच दिसणार, आणि लोक तिच्यावर विसंबणार.

"इतका येडा कोन राह्यते?" नागसेन म्हणाला. आपलं खरं करायला त्यानं ती सोय स्वतःच जोडून घेतली आणि कपाशीच्या फवारणीचं ॲप बनवलं. औषधाच्या मात्रेवर मर्यादेची खूण. मात्रा ठीक असली की हिरवा रंग.

पहिली वापरणारी त्याची आई, जनकाबाई. अळी लागत नाही म्हणून सगळ्यांनी बीटी कपाशी पेरली, आणि आता गुलाबी अळीच बोंडं पोखरत होती. जनकाबाई पाठीवर हातपंप घेऊन वावरात गेली आणि दुपारच्या आत धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, कोसळली.

मेहकरच्या दवाखान्यात नागसेननं ॲपची बटणं दाबून पाहिली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. फवारणीचा पंप निवडताना बोट चुकून पेट्रोलवर चालणाऱ्या पंपावर पडलं की मात्रा तिप्पट होत होती. मग हातपंप निवडला तरी आकडा तिप्पटच राहत होता, आणि रंग हिरवाच, कारण तपासणी फक्त पहिल्या आकड्याची झाली होती. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला, पण त्याच्याकडे बघवतही नव्हतं. तिथंच बसून त्यानं आपला प्रस्ताव मागे घेतला. कारणाची जागा रिकामीच सोडली.

संध्याकाळी जनकाबाईनं डोळे उघडले.

"म्या तं दरसाल पंपात औषधाचं येकच झाकन टाकत होती," ती म्हणाली. "या खेपेले तुयं हिरवं दिसलं, म्हनून तीन टाकले. शेजारची शालूबाई नको म्हने. मी म्हनलं, माह्या पोरानं बनवलं हाय."

तिनं नागसेनचा हात धरला.

"उरलेल्या वावराले किती टाकू, बाबू?"