मालनअक्काची फोकणी

"मालन गेली." भावजी फोनवर एवढंच बोलले. मी इकडे पारगावला गॅसवर दूध ठेवून उभी होते. दूध उतू गेलं, शेगडी विझली, तरी फोन कानाला तसाच. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या, कुणीतरी बादली सरकवत होतं... भावजी फोन बंद करायचं विसरले होते. मालनअक्का माझी थोरली जाऊ, आणि भावजी म्हणजे तिचा नवरा, रामभाऊ. माझ्या नवऱ्याची नोकरी साखर कारखान्यावर, म्हणून आम्ही पारगावला. ती दोघं खोडदला, शेतावर. मातीला आलेले लोक म्हणत होते, अर्धांगाचा दुसरा झटका आला, सुटली बिचारी. मला त्या शब्दाचा संताप आला. कशातून सुटली? तिला धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं, आणि ते या झटक्याच्या कितीतरी आधी गेलं होतं.

आमच्याकडे मेथी-कोथिंबीर फोकून पेरतात, म्हणजे मुठीत बी घेऊन रानावर उधळायचं. ऐकायला सोपं आहे. मी फोकलं की एका जागी रान माजायचं आणि पुढे टक्कल. अक्काचं बी चाळणीतून पडल्यासारखं पडायचं. आजूबाजूच्या गावांतून तिला बोलावणी यायची. ती बांधावर येऊन पदर खोचेपर्यंत कुणी पोत्याचं तोंड सोडत नसे, आणि तिलाही त्याचा भलताच तोरा होता. "सुमे, सैपाक काय, कुनीबी करतंय. मूठ उसनी मिळत न्हाई," म्हणायची. "म्हणून तुमच्या भाकरी असल्या व्हय?" असं मी चिडवलं की खो खो हसायची. भाकरी तिच्या खरंच वाईट होत्या. घरात, भावकीत, गावात तिला जो काही मान होता तो त्या उजव्या मुठीचा होता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या झटक्यात नेमकी तीच बाजू गेली. पाय हळूहळू सावरला, बोलणंही आलं, हात मात्र मांडीवर पडून राहिला. डाव्या हाताने ती चहा प्यायला शिकली, पण डाव्याने फोकलेलं सगळं एकाच कुशीला जायचं. बी वाया जाऊ नये म्हणून परसात राख घेऊन सराव करायची. परसभर राखेचे ढीग पडायचे. एकदा तिने घमेलं आपटलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी जवळ गेले तर म्हणाली, "आता मला काय म्हनून बोलावतील गं?"

उत्तर भावजींनी शोधलं, बोलून नाही, करून. मढ गावाकडच्या एका रिसॉर्टने पाहुण्यांना डोंगरात फिरवायची उघडी चारचाकी मोडीत काढली होती. रुंद चाकांची, ढेकळांतून आणि चिखलातून आरामात जाणारी. ती त्यांनी आणली आणि जुन्नरला इक्बालभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात नेली. मागच्या हौद्यावर लोखंडी अँगलची चौकट बसली. चौकटीवर बियाण्याचं पिंप, त्याच्या तळाला झडप आणि झडपेखाली बॅटरीवर गरगरणारी तबकडी. झडप उघडली की बी तबकडीवर पडायचं आणि तबकडी ते दोन्ही अंगांना उधळायची. इक्बालभाईंनी अक्काला चालकाच्या डाव्या अंगाला बसवून पाहिलं. "भाभी, तुमचा हा हात चालतोय ना? मग दांडा बी इथंच." झडपेचा दांडा त्यांनी तिच्या डाव्या हाताशी आणून दिला. गाडी भावजी चालवणार, आणि बी किती सोडायचं, कधी थांबवायचं, ते अक्का ठरवणार.

पहिल्या दिवशी सगळं गाव बघायला आलं. इक्बालभाईही हौसेने आले. गाडी निघाली, तबकडी फिरली, अक्काने दांडा ओढला... आणि काहीच पडलं नाही. मग एक गोळा फटकन उडून भावजींच्या टोपीवर बसला. "हे पेरतंय का शिंकतंय?" अक्का ओरडली. झालं होतं असं, की लवकर उगवावी म्हणून आम्ही मेथी आदल्या दिवशी भिजत घालतो आणि जराशी सुकली की फोकतो. हाताला ती चालते. अक्काने नेहमीच्या सवयीने तशीच भिजवून पिंपात ओतली होती, आणि आत तिचा नुसता चिकट गोळा झाला होता. पिंप उपसताना इक्बालभाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "भाभी, यंत्राला मेथीचे लाडू चारले तुम्ही!" तीही हसली, पोट धरून. तिचं तसं हसणं मी त्यानंतर फार वेळा ऐकलं नाही.

कोरडं बी घालून ती शिकली. वाऱ्याला दांडा किती ओढायचा, वळणावर कुठे मिटायचा, सगळं शिकली. त्या हंगामात पुन्हा बोलावणी आली. गाडीत डाव्या अंगाला बसून पदर खोचलेली अक्का रस्त्याने जाताना माझ्याकडे अशी बघायची, की वाटावं गाडी नव्हे, पालखीच आहे.

मग लोकांना तिची काळजी वाटायला लागली. या काळजीवर माझा राग आहे आणि तो जाणार नाही. "वैनींना उन्हात कशाला तरास, राव? गाडी तेवढी धाडा." एकाने म्हटलं, दुसऱ्याने उचललं. कुणीतरी सुचवलं, दांड्यापाशी भोकांची पट्टी बसवा, खीळ घातली की झडप हवी तेवढीच उघडी राहील, मग कुणी बसायलाच नको. इक्बालभाई तयार नव्हते. पण गिऱ्हाईकं भावजींच्या मागे लागली, आणि भावजींनाही तिच्या तब्येतीची धास्ती होती. पट्टी बसली. गरज सरो, वैद्य मरो. अक्का एका शब्दाने भांडली नाही. ओट्यावर बसून गाडी जाताना बघायची, नंतर तेही सोडलं. दिवाळीत मी गेले तेव्हा ताटातली भाकरी तशीच होती. "जेवा की," म्हटलं तर म्हणाली, "कशासाठी गं?" चिडून नव्हे, खरंच विचारत होती. ती आमची शेवटची भेट.

तेराव्याच्या आधीच एक पावणे भेटायला आले. बसले, चहा घेतला, लई वाईट झालं म्हणाले, आणि चपला घालताना भावजींना विचारलं, "सोमवारी गाडी मोकळी हाय का?" भावजी म्हणाले, "हाय."

परवा खोडदला गेले तर भावजी आमच्याच रानात मेथी पेरत होते. तिच्या जागेवर बियाण्याचं पोतं ठेवलं होतं. गाडी रानाच्या तोंडाशी उभी, इंजिन चालू, तबकडी फिरतेय आणि भावजी नुसते बसलेले. काही अडकलं असेल म्हणून मी जवळ गेले.

"काय झालं, भावजी?"

"काय न्हाई," ते म्हणाले. "ती उघडंल म्हनून थांबलो व्हतो."

मग त्यांनी पोत्यावरून वाकून दांडा ओढला, खीळ घातली आणि गाडी पुढे घेतली. मी बांधावर उभी राहून बघत होते. कुठेतरी चुकावं, एखादा पट्टा तरी उघडा राहावा, असं मला फार वाटत होतं. पण मेथी या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सारखी पडत गेली.