वालाच्या शेंगांची चव

कंधारच्या डोंगरातल्या एका तांड्यावर मी मुलांना लस द्यायला जाते. तिथली एक बाई दर आषाढात दाराशी वालाचा वेल लावायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलता बोलता ती वेलाची पानं उलटून कीड शोधत राहायची. इथं हाताला काम नाही, म्हणून दसरा झाला की जवळपास अख्खा तांडा ऊस तोडायला दूर जातो. शेंगा लागतात त्यानंतर. मग त्या खातं कोण, असं मी एकदा विचारलं.

"शेळ्या खात्यात, न्हाईतर वाळत्यात," ती म्हणाली. "माझ्या आईच्या दारच्या बिया हायत, ताई. लग्न झालं तवापासून हातात कोयता हाय, चव घ्याया जमलं न्हाई. यंदा तुम्ही खावा आन् कशा लागल्या ते सांगा."

आज्यांजवळ राहिलेल्या पोरांसाठी मी पौषात गेले. तिच्या दाराला बाभळीच्या फांद्या लावलेल्या होत्या आणि वर वेल शेंगांनी लगडला होता. ओंजळभर शेंगा घरी नेऊन भाजी केली. किंचित कडवट लागली.

पाडव्याच्या सुमारास ती परतली. वाळक्या शेंगा सोलत तिनं विचारलं, "कशा व्हत्या?"

दुसऱ्याच्या दारचं खाऊन नावं कशी ठेवायची, म्हणून मी म्हणाले, "लई गोड."

तिचे हात थांबले. "मंग त्या न्हाईत. आईच्या जरा कडवट असायच्या."

मी लगेच खरं ते सांगितलं. ती हसली. "असू द्या ताई. आता माझं मन राखायला कडवट म्हंताय तुम्ही."

यंदा आषाढात गेले, तेव्हा ती दारातच होती, पण वेल लावलेला नव्हता.